सुतात न बसणारा तिसरा वाटा

पाचवीच्या वर्गात पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज शिकवायला घेतली की आम्हाला आमचीच एक चूक आठवते. शालापत्रिकेत मुलांचे यश छापतात, शिक्षकांच्या चुका नाही. तरी ही छापावी असे वाटते.

काही वर्षांपूर्वी घटक चाचणीत आम्ही गणित घातले होते : २ १/२ + १ ३/८. एका मुलाने नुसते उत्तर लिहिले, ‘३ आणि ७ सूत’. लसावि नाही, समच्छेद नाही, एकही पायरी नाही. आम्ही लाल फुली मारली आणि वर वर्गात ते मोठ्याने वाचून दाखवले. मुले हसली. त्या दिवसापासून तो गणिताच्या तासाला हात वर करीनासा झाला. हे आमच्या लक्षात आले होते, पण आम्ही ते मनावर घेतले नाही.

पुढे फळ्याची चौकट दुरुस्त करायला त्याचे वडील शाळेत आले. ते सुतारकाम करतात. सव्वादोन इंचाच्या फळीला एक इंच तीन सुताची पट्टी जोडायची होती. आम्ही वहीत आकडे मांडेपर्यंत मेस्त म्हणाले, “तीन इंच पाच सूत.” आम्ही विचारले, कसे? “मास्तर, इंच म्हटल्यार आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन. दोन आनी तीन पाच.”

म्हणजे छेद ८ करून बेरीज! आम्ही ज्याला समच्छेद म्हणतो, ते त्यांच्या पट्टीवर आखलेलेच होते. मुलाचे ‘३ आणि ७ सूत’ म्हणजे ३ ७/८. उत्तर बरोबर होते, फक्त छेदाला त्याने घरातले नाव दिले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आमची चूक सांगितली, गुण परत दिले आणि त्याला फळ्यापाशी बोलावले. गणित दिले : २ १/२ + १ १/३. त्याने पूर्णांक मिळवून ३ लिहिले, अर्ध्याचे ४ सूत लिहिले आणि थांबला. “सर, तिसरा वाटा सुतात बसत नाही.”

खरेच बसत नाही. आठाला तीनाने भाग जात नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी अंशात अंश, छेदात छेद मिळवून ३ २/५ सांगितले. आम्ही म्हटले, अडीचमध्ये एक घातला की साडेतीन तर झालेच. त्यात आणखी काही घातल्यावर ते साडेतीनपेक्षा कमी कसे होईल? वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प राहिलो, जे आम्हाला एरवी जमत नाही. बऱ्याच वेळाने तो मुलगा म्हणाला, “इंचाचे सहाच सूत केले तर?” अर्ध्याचे तीन, तिसऱ्या वाट्याचे दोन, मिळून पाच. ३ ५/६. लसावि हा शब्द आम्ही त्यानंतर फळ्यावर लिहिला.

तेव्हापासून एक गोष्ट आम्हाला जाणवत राहिली. आपल्या बोलीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सगळे पावाचेच कुटुंब आहे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीही पाठ करून घेत. तिसऱ्या हिश्शाला मात्र बाजारात असे रुळलेले नाव नाही. तो येतो तीन भावांच्या वाटणीत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकमेकांच्या छेदाने गुणून छेद सारखे करण्याची रीत आहे, आणि छेदांना आधी सामाईक अवयवाने भागून घेतले तरी चालते हेही सांगितले आहे.

नाणी पाडणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक असावी. ब्रिटिश हिंदुस्थानात रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणून तिसरा हिस्सा नेमका ५ आणे ४ पै. आपल्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत रुपयाचे १६ तांगे आणि तांग्याचे ६० रेइश होते, म्हणजे रुपयाचे ९६० रेइश. अर्धा ४८०, तिसरा ३२०, मिळून ८००. ९६० पैकी ८०० म्हणजे पुन्हा तेच ५/६. वर्गातल्या एका मुलीने आजीच्या डब्यातले पाव तांग्याचे तांब्याचे नाणे आणून दाखवले. त्याचे १५ रेइश होतात हे तिने स्वतः काढले. पालकांपैकी कोणाकडे अशी नाणी असतील तर वर्गात दाखवायला जरूर पाठवावीत, सांभाळून परत करू.

भारतात १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले आणि १९६१ मधील मुक्तीनंतर तोच रुपया आपल्याकडे आला. आता तिघांत एक रुपया वाटला तर प्रत्येकी ३३ पैसे येतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाचा, यावर पाचवीत दर वर्षी भांडण होते. यंदाही झाले.