तरंगत्या संसाराचं वजन

बंगळुरूत राहून होडी बांधतोय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "इथे समुद्र कुठे आहे?" खरंच नाही. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, आणि कुठलाही किनारा गाठायचा तर रस्त्याने सात-आठ तास. तरीही आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर होसूर रोडजवळ एक शेड भाड्याने घेतली आणि मरीन प्लाय, इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या कापडात चार वर्षं घालवली. त्यातून उभी राहिली २६ फुटी कॅटामरान, म्हणजे दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी ठेवून आडव्या तुळयांनी जोडलेल्या. सगळे भाग सुटे होतात, म्हणून ट्रकवर चढवून ती माझ्या माहेरी, कारवारला नेता आली.

शेजारच्या तमिळ मामींना मात्र नावाचं नवल वाटलं नाही. "ते तर आमचं कट्टुमरम!" म्हणाल्या. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकत्र बांधून समुद्रात जात. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढे तो पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या जोडहोड्यांना चिकटला.

घरी बांधलेल्या अशा होड्यांचं वेड पसरवलं ते जेम्स व्हॅरम या इंग्रजाने. १९५४ मध्ये त्याने साडेतेवीस फुटांची 'टँगारोआ' बांधली आणि दोन तरुणींसह अटलांटिक ओलांडून त्रिनिदाद गाठलं. तिथेच त्यांनी ४० फुटी 'रोंगो' बांधली. तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा होता, त्यामुळे वाऱ्याच्या रेट्याने ती बाजूला कमी सरकायची. १९५९ मध्ये ती न्यूयॉर्कहून आयर्लंडला पोचली. आमचे आराखडेही त्याच परंपरेतले. व्हॅरमची गोष्ट मला एवढ्यासाठी महत्त्वाची वाटते, की होडी बांधून झाली म्हणजे काम संपलं असं होत नाही. तीत राहून बघायचं आणि मग बदलायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी तिथे तीन रात्री राहिले आणि चौथ्या दिवशी बॅग भरली. झोपायची जागा दोन फूट रुंद. आत बसता येतं, उभं राहता येत नाही. हवा खेळत नाही, पहाटे छताला दव साचून अंगावर टपकतं. स्वयंपाक वाकून, आणि संडास म्हणजे एक बादली. वर भरदुपारी डोक्यावर छप्पर नाही. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा या होडीत गेलेला. मी तिथे राहू शकणार नसेन तर ती ह्यांच्या एकट्याची होडी होणार, आणि साठी ओलांडलेल्या माणसाने एकट्याने समुद्रात जायचं नाही, असं मुलीने आधीच बजावलेलं. म्हणून पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना आम्ही बंगळुरूच्या जेवणाच्या टेबलावर आराखडे पसरून बसलो.

माझी यादी लांब होती. ह्यांनी एकच अट घातली, प्रत्येक वस्तूचं वजन लिहायचं. कॅटामरान निमुळती असते म्हणून पळते. वजन वाढलं की ती पाण्यात खाली बसते आणि जड होते. नुसतं पिण्याचं पाणीच बघा ना. दोघांना रोज पाच-पाच लिटर, दहा दिवसांचं झालं शंभर किलो!

मला दोन होड्यांच्या मधे सलग फळी हवी होती, सतरंजी टाकून बसता येईल अशी. ह्यांनी नकार दिला, आणि कारण मला पटलं. खालून लाट उसळली की सलग फळीवर जोरात आदळते. फटी असलेल्या पट्ट्यांमधून पाणी निघून जातं. पट्ट्या राहिल्या, मी जाड चटई शिवली. त्यावर पांढऱ्या कॅनव्हासचा मांडव आला, बाजू गुंडाळता येणारा. आमची बैठकीची खोली ती हीच. झोपायच्या जागी वरच्या झडपा मोठ्या केल्या आणि एक छोटा सौर पंखा बसवला. संडासासाठी नारळाच्या भुश्याचा डबा आणि त्याला पडदा. शेगडी वर आणली, एकच बर्नर, कुकर हलू नये म्हणून भोवती कडं. गॅसचा सिलिंडरही उघड्यावर ठेवला, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचून राहतो आणि एक ठिणगी पुरते.

ह्यांची यादी चालण्यासाठी होती. नांगराची साखळी टोकाला होती, पाण्याचे कॅन मागे. दोन्ही टोकं जड झाली की होडी लाटेवर घोड्यासारखी डुलते. सगळं मध्यावर आणलं. तुळयांचे सैल दोर पुन्हा ताणून बांधले. फुगलेलं जुनं शीड काढून नवं शिवून घेतलं आणि ते लहान करायच्या जागा दोनाच्या तीन केल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. कॅटामरान सपाट चालते, चहा सांडत नाही, पण उलटली तर आपोआप सरळ होत नाही. म्हणून वारा वाढण्याआधीच शीड आखडायचं, हा आमच्याकडचा कायदा.

मग वजनांची बेरीज केली. माझ्या सोयींचे ४१ किलो झाले. ते कुठून काढायचे? ह्यांच्या हत्यारांच्या दोन पेट्यांची एक झाली, जादा बॅटरी आणि पुस्तकं उतरली, माझा खलबत्ताही गेला. शेवटी होडी पाण्यात उतरवली तेव्हा बाजूची निळी रेघ पूर्वीपेक्षा दोन बोटं वर होती.

दिवाळीनंतर आम्ही काळी नदीच्या मुखातून पाळोळ्याला निघालो. दुपारी इथे वायव्येचा वारा असतो, म्हणजे थेट तोंडावर. आदल्या वर्षी याच वाटेवर होडी पुढे कमी आणि बाजूलाच जास्त सरकत होती. या वेळी नागमोडी जात जात उजेड असतानाच पोचलो. रात्री मांडवाखाली वरण-भात केला. त्या हिवाळ्यात मी एकोणीस रात्री राहिले.

आता जानेवारीत नात येणार आहे. तिचं वजन १६ किलो. काय उतरवायचं यावर घरात वाद चालू आहे, आणि ह्यांची नजर माझ्या कुकरवर आहे.