हक्क पुढे देताना

पत्त्यांचा डाव म्हटला की आपल्याला मेंढीकोट किंवा रमी आठवते. ज्याची पाळी त्याने पान टाकावे, इतरांनी थांबावे, एवढाच तेथील क्रम. परंतु भिसेगावातील एका घरी आशीर्वादासाठी गेलो असता, तेथील महाविद्यालयीन मुलाने मला याहून निराळा खेळ समजावून दिला. 'मॅजिक: द गॅदरिंग' हे त्याचे नाव. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याने पत्ते विकत घ्यावेत, मित्रांशी अदलाबदल करावी आणि स्वतःचा संच जुळवावा, अशी त्याची रीत.

पत्त्यांवरील राक्षस पाहून आजीबाई जरा साशंक झाल्या होत्या. माझे लक्ष मात्र एका नियमाने वेधून घेतले. पाळी माझी असली आणि मी पान खेळलो, तरी त्याचा परिणाम तत्काळ होत नाही. ते पान जणू एका चवडीवर ठेवले जाते. पुढे काही करण्याचा हक्क मी समोरच्याला द्यायचा असतो. त्याने उत्तरादाखल पान खेळले, तर ते माझ्या पानाच्या वर बसते. आणि वरचे पान आधी फळते. दोघांनीही लागोपाठ 'माझे काही नाही' असे म्हटल्यावरच सर्वांत वरचे एक पान अमलात येते. मग पुन्हा विचारणा.

मुलाने उदाहरण दिले. मी 'लाइटनिंग बोल्ट' टाकून त्याच्या लहानशा प्राण्याला तीन गुणांची इजा करू पाहतो. तो उत्तर म्हणून 'जायंट ग्रोथ' खेळतो व प्राण्याचे बळ त्या पाळीपुरते तीन गुणांनी वाढवितो. त्याचे पान आधी फळते, म्हणून प्राणी वाचतो. तेच पान त्याने वीज कोसळून गेल्यावर काढले असते, तर ते व्यर्थ होते. चवडीची ही पद्धत १९९९ च्या सुधारित नियमांनी आली; त्यापूर्वीचे नियम बरेच गुंतागुंतीचे होते.

पाळी माझी असणे आणि शेवटचा शब्द माझा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या घरांत हा भेद किती पाळला जातो?

कर्जतच्या परिसरात शेतघरांसाठी जमिनींना मागणी आली, तशी वाटण्यांची बोलणीही वाढली. भाऊ बसतात, व्यवहार ठरवितात आणि सासरी गेलेल्या बहिणीपुढे शेवटी हक्कसोडपत्र येते. तिने सही केली की सारे म्हणतात, "तिची काही हरकत नव्हती." पण हरकत विचारली कोणी, आणि केव्हा? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा आपल्याला लागू असलेला कायदा आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यानुसार मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. बहिणीने तो आनंदाने सोडावा, हा तिचा अधिकार. पण तिला बोलायला जागाच न देणे हा अन्याय होय.

गणना या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात आणि वडिलांच्या वतनात वाटा मागतात. वचनदत्त देशाची वाटणी तेव्हा व्हायची होती, म्हणजे त्या वेळेवर बोलल्या. मोशेने जागच्या जागी निर्णय दिला नाही. त्याने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे ठेवले, आणि परमेश्वराने त्या मुलींची बाजू रास्त ठरविली.

न विचारलेल्याचे मौन म्हणजे संमती नव्हे. ज्याच्या हाती पाळी आहे, त्याच्यावर विचारण्याचे कर्तव्यही आहे. वडील असोत, थोरला भाऊ असो की वेदीपुढे उभा राहणारा धर्मगुरू, आपले पान खाली ठेवल्यावर क्षणभर थांबून त्याने भोवतालच्यांकडे पाहावे. कागदावर शाई उमटण्यापूर्वीचा तो क्षण दुसऱ्याचा असतो.