आमचा अॅस्टरचा वाफा

फुलझाडांविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असें वाचकांनीं विचारल्यास तो प्रश्न रास्तच होय. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. तेहतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवून २०१६ सालीं सेवानिवृत्त झालों. आमच्या हातांत शब्दरूपावली असे. खुरपें असे तें पत्नीच्या हातांत. परंतु तिच्या एका वाफ्यानें आम्हांस उतारवयांत जो धडा दिला, तो आम्ही बऱ्याच उशिरां शिकलों. तो इतरांस वेळेवर उपयोगी पडावा, एवढ्याचसाठीं हें लेखन.

२००९ सालीं ती पुण्यास बहिणीकडे गेली होती. येतांना ओल्या फडक्यांत गुंडाळून तिनें अॅस्टरच्या तीन काश्या आणल्या व वाईच्या आमच्या घराच्या परसांत, दिवसभर ऊन लागेल अशा जागीं लावल्या. बाजारांत हारासाठीं येणारा अॅस्टर एकवर्षायु; त्याचें बीं दरसाल पेरावें लागतें. हा त्याहून निराळा, बहुवर्षायु आणि मूळचा उत्तर अमेरिकेचा. ह्याच्या मुळांपासून दरवर्षीं नवे कोंब फुटतात. पावसाळा सरून दिवस लहान होऊं लागले कीं कळ्या धरतात आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत पिवळ्या गाभ्याचीं जांभळीं फुलें वाफा झांकून टाकतात. इंग्लंडांत हा २९ सप्टेंबरला येणाऱ्या संत मायकेलच्या सणाच्या सुमारास फुलतो, म्हणून तिकडे ह्यास मायकेलमस डेझी म्हणतात. १९९४ सालीं मांडलेल्या वर्गीकरणानें ह्या अमेरिकन जाती अॅस्टर गणांतून काढून सिंफायोट्रायकम गणांत घातल्या. आमच्या परसांत मात्र जुनेंच नांव चालू आहे.

त्या नांवाचें आम्हांस फार कौतुक. ग्रीक भाषेंत अॅस्टर म्हणजे तारा; ऋग्वेदांतील 'स्तृभिः' हें रूपही त्याच कुळींचें. ही व्युत्पत्ति आम्हीं पत्नीस मोठ्या उत्साहानें सांगितली, तेव्हां ती म्हणाली, "असेल. तेवढी झारी भरून आणा पाहूं."

तिची रीत साधी होती. जमिनींत कुजलेलें शेणखत मिसळावें, पण बेतानें. खत फार झाल्यास पानेंच माजतात. दोन रोपांत दीड फुटाचें अंतर ठेवावें, म्हणजे वारा खेळतो व पानांवर भुरी कमी येते. पाणी बुडाशीं घालावें, पानांवर शिंपडूं नये. रोप वीतभर झालें कीं शेंडा खुडावा, पुढें पुन्हां एकदां खुडावा. परंतु आषाढ संपल्यावर खुडूं नये, नाहींतर कळ्याच जातात. उंच फांद्यांस कारवीच्या काठीचा आधार द्यावा. फुलें सरलीं कीं दोन-तीन बोटें ठेवून झाड कापावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दर दोन-तीन वर्षांनीं पहिल्या पावसांत गड्डा उकरून काश्या वेगळ्या कराव्या. कडेचे ताजे कोंब लावावे, मधला जून भाग टाकावा व उरलेले कोंब शेजारीपाजारीं वाटावे.

२०१९ च्या भाद्रपदांत ती गेली. त्या नवरात्रांत वाफा नेहमींप्रमाणेंच फुलला. आम्ही ओटीवर बसून त्याकडे पाहत असूं.

त्यानंतर आम्हीं पाणी घातलें, शेंडे खुडले, काठ्याही लावल्या. पण गड्ड्यास हात लावला नाहीं. तिच्या हातचें झाड आपण कुदळीनें कसें फोडावें, असें मनास वाटे. २०२१ च्या दिवाळींत सूनबाई म्हणाली, "बाबा, आईंच्या अॅस्टरची एक काशी ठाण्याला नेऊं का? आमच्या गॅलरींत ऊन चांगलें येतें." आम्हीं सांगितलें, "नको. गॅलरींत तें जगायचें नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. खरें कारण निराळें होतें, हें तिलाही ठाऊक असावें.

२०२२ च्या ज्येष्ठांत पाहतों तों गड्डा मध्यभागीं वाळून पोकळ झालेला! कडेला मोजके सातच कोंब हिरवे होते. जपून ठेवण्याच्या नादांत आम्हीच तें झाड मारीत आणलें होतें. त्या दिवशीं कुदळ घेतांना हात कांपत होता. चार काश्या वाफ्यांत लावल्या, तीन ओल्या फडक्यांत गुंडाळून स्वतः ठाण्यास नेल्या आणि सूनबाईस म्हटलें, "तेव्हां नाहीं म्हणालों, तें चुकलें." तिनें त्या लगेच कुंड्यांत लावल्या.

पुढें दोन वर्षें दोन्हीकडे फुलें आलीं. २०२४ च्या श्रावणांत मात्र परसाची मोरी तुंबली, आठ दिवस पाणी वाफ्यांत साचून राहिलें आणि आमचीं सर्व रोपें मुळांशीं कुजलीं. मोरी वेळेवर साफ केली नाहीं, हा दोष आमचाच. तिच्या हातचें आतां कांहींच उरलें नाहीं, असें वाटून आम्ही त्या बाजूस जाणेंच सोडलें.

दिवाळीस मुलगा व सूनबाई आलीं. सूनबाईच्या मांडीवर एक कुंडी होती. ठाण्यापासून ती तशीच धरून आणलेली. कुंडींत चार-पांच जांभळीं फुलें होतीं. ती म्हणाली, "बाबा, मोरी साफ झाली असेल तर सांगा, कुठें लावूं?"

विद्या दिल्यानें वाढते, हें आम्हीं तेहतीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. झाडाचेंही तेंच आहे, हें मात्र आम्हांस कोणी घोकविलें नव्हतें. २०२५ च्या नवरात्रांत तो वाफा पुन्हां भरला. पुढच्या ज्येष्ठांत काश्या काढावयाच्या आहेत. शेजारच्या दोन घरांस आतांच कबूल करून ठेविल्या आहेत.