जीव खालीवर व्हायलाय

मी मूळची रत्नागिरीची. हिंगोलीत आले तेव्हा आधी ‘दुखायलंय’, ‘जळजळायलंय’ शिकले. मग वसमतकडचे एक आजोबा म्हणाले, “मॅडम, गॅस डोक्यात चढलाय.” आता मीच पेशंटला विचारते, “चढला का उतरला?” आणि दोघंही हसतो. तुम्ही तुमच्याच बोलीत सांगा, पुस्तकी मराठी नको.

पण ‘जीव खालीवर व्हायलाय’ म्हणालात की माझं हसू थांबतं. सोबत दरदरून घाम, छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. हार्ट अटॅक असू शकतो. शुगरवाल्यांची तर कधीकधी छाती न दुखता नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. लगेच १०८ ला फोन करा. स्वतः मोटरसायकल चालवत येऊ नका.