न घेतलेलं पाकीट

केनवड, ता. रिसोड

प्रिय सुधाकर,

गाळा सोडण्याची नोटीस परत आली म्हणजे सगळं मुसळ केरात, असं तू मस्कतला बसून ठरवूनही टाकलंस! तसं नाही, लेका. तुझ्या रोडवरच्या गाळ्याच्या भाडेकऱ्याने पाकीट घेतलं नाही, हे खरं. पण पाकिटावर पोस्टमनचा शेरा आहे, 'घेण्यास नकार', खाली तारीख आणि सही. काल वकिलांकडे मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या बाजूने इतका बोलका कागद दुसरा नाही. ते पाकीट बंदच राहू द्या, असं मी त्यांना सांगायला गेलो, तर ते हसले. त्यांनी ते आधीच पोस्टाच्या पावतीसह फायलीला लावलं होतं.

नाकारलेली नोटीस पोचली धरायची की नाही, हा वाद जुना आहे. 1935 साली वामन विठ्ठल कुलकर्णी विरुद्ध खंडेराव सोलापूरकर या खटल्यात मुंबई हायकोर्टाचं म्हणणं पडलं की, जे पाकीट उघडलंच नाही त्यातला मजकूर माणसाला कळला असं कसं धरायचं? नाकारणाऱ्यांचं चांगलंच फावलं असणार. 1981 मध्ये हरचरण सिंग विरुद्ध शिवराणी या भाडेकरूच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उलटा कौल दिला: नाकारली तरी नोटीस बजावली गेली, मजकूरही कळला असंच धरायचं. याला आधार 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 27 चा. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला आणि रजिस्टर्ड पोस्ट, एवढं झालं की पोचली असं गृहीत. नाही पोचली, हे नाकारणाऱ्याने सिद्ध करावं.

तेव्हा सगळा खेळ पत्त्याचा. 'मु. पो. केनवड' एवढ्यावर आपलं भागतं, पण कोर्टात भाडेकरू म्हणेल, मी तिथे राहतच नाही! म्हणून नोटीस गाळ्यावर आणि घरी, दोन्हीकडे गेली आहे. हातात देणं जमलंच नाही तर गाळ्यावर चिकटवायची सोयही मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 मध्ये आहे.

आणि हो, 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. लोक अजून 'रजिस्टर एडी करा'च म्हणतात. पण आता खिडकीवर स्पीड पोस्ट सांगून वर 'रजिस्ट्रेशन' वेगळं मागावं लागतं.

एक मात्र सांभाळ. नोटिशीची मुदत संपल्यावर पुढचं भाडं त्याने तुझ्या खात्यात टाकलं तर गप्प बसू नकोस, लगेच वकिलांना कळव. नाहीतर तूच नोटीस सोडून दिलीस, असं तो कोर्टात म्हणेल.

तुझा,
दिनकर