शहापुरात मी शंभरदा मेलो!

खरं सांगतो, माझा पहिला मृत्यू शहापूरला झाला. साल 2007, महिना मे, वेळ दुपारी दोनची. बाहेर विदर्भाचं ऊन, खिडकीत धडधडणारा कूलर आणि समोर मामेभावाचा सेकंडहँड कॉम्प्युटर. मी राजवाड्याच्या खंदकाच्या जरा जास्तच काठाला गेलो, तोल गेला आणि डुबुक! स्क्रीनवर एक चौकट आली. माझ्या बावळटपणावर इंग्लिशमध्ये एक खोचक शेरा, आणि खाली तीन पर्याय. जुना सेव्ह केलेला गेम उघड, पहिल्यापासून सुरू कर, नाहीतर चालता हो.

दादा खो खो हसला. "मेला बे तू! सेव्ह केलं होतं का?"

नव्हतं केलं. मी दहा वर्षांचा होतो, 'सेव्ह' म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. त्या सुट्टीत मी निदान शंभरदा तरी मेलो असेन. आणि बॉस, इतकी धमाल नंतर कुठल्याही सुट्टीत आली नाही.

तर मंडळी, यंदाचा लाँग वीकएंड मी गोवा-महाबळेश्वर सोडून त्या गावाला दिला. तुम्ही म्हणाल, कोणतं शहापूर? ठाण्याचं, कसाऱ्याच्या वाटेवरचं? नाही हो. हे आपलं भंडारा जिल्ह्यातलं. नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालात की भंडाऱ्याच्या दहाएक किलोमीटर अलीकडे, जुन्या नॅशनल हायवे 6 वर. आता त्याचा नंबर 53 झालाय, पण मामा अजून 'शे नंबर'च म्हणतात. टुरिस्ट मॅपवर गावाला स्थान नाही. ट्रकवाल्यांना मात्र पाठ आहे.

मरणाचा फंडा

ज्यांचं बालपण क्रिकेट आणि कार्टूनमध्ये गेलं त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राऊंड. दादा तेव्हा इंजिनीअरिंगला होता. हॉस्टेलच्या पोरांकडून त्याला जुन्या गेम्सची एक सीडी मिळाली होती. 'पॉइंट अँड क्लिक अॅडव्हेंचर' नावाचा प्रकार. यात धाडधाड गोळ्या मारायच्या नसतात. चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करायचं, काहीबाही उचलायचं, लोकांशी बोलायचं, कोडी सोडवायची. सगळ्यात जुन्या गेम्समध्ये तर माऊसही नाही, हुकूम टाईप करायचे. माझं इंग्लिश अर्धं तिथेच सुधारलं.

या गेम्सची एक दादा कंपनी होती, अमेरिकेतली 'सिएरा'. केन आणि रॉबर्टा विल्यम्स या नवरा-बायकोची. रॉबर्टाबाईंचा 'किंग्ज क्वेस्ट' 1984 मध्ये आला आणि तिथून पुढे सिएराने हीरोला मारण्याचा जणू विडाच उचलला. जिन्यावरून पाय घसरला, मेला. अनोळखी दारात डोकावला, मेला. आणि दरवेळी तो टोमणा, अगदी घरच्या आत्याबाईंसारखा.

माझा फेव्हरेट 'स्पेस क्वेस्ट', 1986 चा. त्याचा हीरो रॉजर विल्को हा अंतराळयानातला सफाई कामगार. शत्रूने यानावर हल्ला केला तेव्हा हा पठ्ठ्या झाडूच्या खोलीत झोपला होता म्हणून वाचला! पुढे एका परग्रहावरच्या बारमध्ये जुगाराचं मशिन आहे. तीन चित्रं जुळली की पैसे. पण तीन कवट्या जुळल्या तर? मशिनमधून किरण सुटतो आणि रॉजरची जागेवर राख. आयुष्यभर दुसऱ्यांचा कचरा झाडणाऱ्या माणसाचा शेवटी कचरा. आम्ही मुद्दाम, परत परत कवट्या यायची वाट बघायचो. कळलं ना? जिंकण्यापेक्षा मरण्यात जास्त मजा होती.

'लेझर सूट लॅरी' हा 1987 चा गेम मोठ्यांचा, म्हणून दादाने मला त्यातला फक्त रस्ता दाखवला. लॅरी फुटपाथवरून खाली उतरला की गाडी येते आणि धाड! मग मेलेला लॅरी जमिनीखाली एका गुप्त कार्यशाळेत जातो, तिथे सिएराच्या हीरोंची पुन्हा जुळणी होते म्हणे. आम्ही गडबडा लोळलो होतो.

गाडीभोवती एक चक्कर

मामा मात्र या सगळ्यावर कधी हसले नाहीत.

गावाला लागूनच जवाहरनगर आहे. तिथे दारूगोळा बनवण्याचा सरकारी कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी. आसपासच्या घराघरांतून एक तरी माणूस तिथे कामाला गेलेला. मामाही त्यातलेच. स्फोटकांच्या कारखान्यात काडेपेटी, लायटर नेता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मामांची ती सवय घरीही सुटत नसे. रोज सकाळी शर्टाचे खिसे उलटे करून बघायचे. मग स्कूटरभोवती एक पूर्ण चक्कर, दोन्ही टायर अंगठ्याने दाबायचे आणि मगच किक.

"पयले चक्कर मार, मंग किक मार," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आम्ही मागून नक्कल करायचो.

गंमत बघा. सिएराचाच 'पोलीस क्वेस्ट' हा गेम 1987 मध्ये आला. तो रचला जिम वॉल्स या माजी पोलीस अधिकाऱ्याने. त्यात गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती फेरी मारून टायर तपासावे लागतात. नाही तपासले, तर गाडी रस्त्यावर येते न येते तोच टायर बसतो आणि खेळ खल्लास. दादा आणि मी या ठिकाणी आठवडाभर अडकलो. काय चुकतंय तेच कळेना. शेवटी एकदा मामा चहा घेऊन मागे उभे राहिले, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "अबे, टायर पाह्यले का त्याने?"

मामांनी आयुष्यात सोडवलेलं ते एकमेव कॉम्प्युटर गेमचं कोडं!

आणि लोडशेडिंग विसरून कसं चालेल? सेव्ह करायला विसरलात आणि लाईट गेली, की तासाभराची मेहनत पाण्यात. कूलर बंद, पंखा बंद, हीरो गायब. स्क्रीन काळी व्हायच्या आत सगळ्या घरातून एकच आरोळी उठायची, "सेव्ह केलं का बे?" मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या. त्यांना त्याचा अर्थ विचाराल तर सांगता आला नसता.

जो मरतच नाही

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात दादाने दुसरा गेम काढला. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', 1990 चा, लुकासफिल्म गेम्सचा. तो बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने 1989 मध्ये एक लेखच लिहिला होता, अॅडव्हेंचर गेम्स इतके वाईट का असतात यावर. त्याचं म्हणणं साधं होतं. खेळणाऱ्याने डोकं वापरलं, तर त्याला न मरता पुढे जाता आलं पाहिजे. मरून मरून शिकवणं ही फसवणूक आहे.

म्हणून त्याचा हीरो गायब्रश थ्रीपवुड मरत नाही. एकदा तो कड्यावरून खाली पडतो आणि सिएरासारखीच चौकट समोर येते. आम्ही कपाळाला हात लावला. तेवढ्यात खालून साहेब चेंडूसारखे उसळून वर! खाली म्हणे रबराचं झाड होतं.

पण एक अपवाद आहे, आणि तो क्लासिक आहे. गायब्रशला एका जड मूर्तीला बांधून समुद्रात फेकतात. तो आधीपासूनच फुशारकी मारत असतो की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. आजूबाजूला तलवारी, सुऱ्या पडलेल्या, पण एकही हाताला लागत नाही. उत्तर अगदी सोपं आहे, मूर्तीच उचला आणि चालायला लागा. पण तुम्ही खरोखर दहा मिनिटं हातावर हात ठेवून बसलात, तर तो खरोखर मरतो! मग खालचे 'उघड', 'ढकल', 'उचल' असे हुकूम जातात आणि त्यांच्या जागी तरंगणं, फुगणं, सडणं अशी मढ्याला जमतील तेवढीच कामं येतात. दादाने घड्याळ लावून मला ते दाखवलं. उकाड्यात दहा मिनिटं आम्ही दोघंही श्वास रोखल्यासारखे बसलो होतो.

संजीवनी, गामिनी, अमर

यंदा गेलो तेव्हा धानाची कापणी चालली होती. हवेत वाळलेल्या पेंढ्यांचा वास. मामा आता रिटायर्ड. अंगणात बाजेवर बसले होते आणि शेजारी दादाचा मुलगा मोबाईलवर धडाधड मरत होता. मीच त्याच्या फोनवर 'मंकी आयलंड' टाकून दिला. त्याने सगळ्यात आधी काय विचारलं? "काका, हा मरत काऊन नाही?"

उत्तर मामांनी दिलं. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. म्हणाले, पूर्वी कबड्डीच्या तीन तऱ्हा होत्या. 'संजीवनी'त समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठतो. 'गामिनी'त मेला तो मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत रेघेबाहेर बसायचं. आणि 'अमर'मध्ये बाद झालेलाही मैदानातच राहतो, समोरच्याला फक्त गुण मिळतो. "तुहा हा गडी अमरवाला आहे," नातवाला म्हणाले.

मी चाटच पडलो. रॉन गिल्बर्टचा अख्खा लेख एका वाक्यात! सिएराचे गेम म्हणजे संजीवनी, मरा आणि उठा. मंकी आयलंड म्हणजे अमर. आणि गामिनी?

ते विचारावं लागलं नाही. मामांची नजर जवाहरनगरच्या दिशेला गेली होती. 24 जानेवारी 2025 ला, सकाळच्या पाळीत, त्या कारखान्यात स्फोट झाला. छत कोसळलं. 8 जण गेल्याची बातमी त्याच दिवशी आली. मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. दादाचा मेसेज होता, 'बाबा घरीच आहेत.' तीनच शब्द. नंतर समजलं की त्या दिवशी मामा संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नव्हते. मामींनी दोनदा चहा केला, दोनदा तसाच निवला.

मीही त्यावर काही विचारलं नाही. मामांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खेळ लेका. तिथं कितीबी मर."

परतीच्या दिवशी बस पकडायला हायवे ओलांडायचा होता. कडेला उभा राहिलो आणि कानात इयरफोन, हातात फोन, नेहमीप्रमाणे एक पाय पुढे टाकला. मामांनी मागून दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता. समोरून ट्रक हॉर्न वाजवत गेला. लॅरी आठवला. या वेळी हसू आलं नाही.

बसमध्ये मग हिशेब मांडला. आपण नेमकं उलटं जगतो यार. जिथे संजीवनी आहे तिथे जाम टरकतो. नोकरी बदलू का, तिला विचारू का, मीटिंगमध्ये 'मला कळलं नाही' म्हणू का? या सगळ्यात फार तर एक खोचक शेरा मिळेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आणि जिथे गामिनी आहे, हेल्मेट, सिग्नल, हायवे, तिथे आपण सगळे गायब्रश!

पुण्यात उतरलो. बाईक दोन दिवस पार्किंगमध्ये होती. किल्ली लावली, थांबलो, खाली उतरलो आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मागचा टायर बसला होता.

जायचंय?

*कसं जाल:* नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून भंडाऱ्याकडे जाणारी एसटी पकडा. शहापूरला थांबते ना, हे कंडक्टरला आधी विचारा. रेल्वेने आलात तर भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, तिथून भंडारामार्गे या.

*कधी:* नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जायचं तर फक्त कूलर आणि कॉम्प्युटर असलेल्या मामाकडेच!

*काय आणाल:* भंडाऱ्याची पितळी भांडी. आई खूश होईल.

*काय खेळाल:* 'स्कम व्हीएम' हा फुकट प्रोग्रॅम 2001 पासून आहे आणि मोबाईलवरही चालतो. मूळ गेम ऑनलाइन विकत मिळतात. सुरुवात 'मंकी आयलंड'ने करा. आणि सिएराचे गेम घेतलेत तर एकच सल्ला, सेव्ह करत राहा बे!