ड्रायरमागचं गुपित

मीटरवर आकडा उमटला : २४१. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. २४१! न्यू जर्सीतल्या माझ्याच घरात, कपडे वाळवायच्या ड्रायरमागच्या सॉकेटात, सहा वर्षं हे दडून बसलं होतं!

"अरे, ड्रायर असा मधे का ओढलायस?" बायकोचा आवाज. काय सांगणार तिला!

सुतारकामाचं वेड मला श्टुटगार्टच्या मुक्कामात लागलं. हातकरवत यंत्र, राउटर, बेंच ग्राइंडर, सगळं तिथेच घेतलं, सगळं २३० व्होल्टचं. इकडे आलो तर घरभर १२० व्होल्टच. मग जात्याएवढा जड स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणला. राउटर कसाबसा चालायचा. करवत मात्र चालू केली की ट्रान्सफॉर्मर गुरगुरायचा, ब्रेकर पडायचा आणि गॅरेजमध्ये अंधार. बरोबरच आहे, १५ अँपिअरच्या लाइनीवर जेमतेम १८०० वॉट मिळतात.

आणि आता कळलं, अमेरिकेतल्या घरात येतात ते मुळी २४० व्होल्टच! खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा मध्यबिंदू जमिनीला जोडलेला असतो, तो न्यूट्रल. दोन्ही टोकांकडून दोन जिवंत तारा घरात येतात. न्यूट्रलपासून कुठलीही एक तार मोजा, १२०. तारेपासून तार मोजा, २४०! ताक घुसळतानाची दोरी आठवा. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. मध्यापासून प्रत्येक हात वीतभरच सरकतो, पण दोन हातांत अंतर पडतं दोन वितींचं. तीन तारांची ही युक्ती मूळची एडिसनची, १८८३ मधल्या पेटंटची. तांबं वाचवायला काढलेली!

दुसऱ्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पॅनेलमध्ये २० अँपिअरचा जोड-ब्रेकर बसवला आणि गॅरेजमध्ये २४० व्होल्टचं सॉकेट काढून दिलं. या सॉकेटात न्यूट्रल नसतोच : दोन जिवंत तारा आणि अर्थिंग, बस्स. करवतीची जर्मन पिन कापली, इथली लावली. तपकिरी आणि निळी वायर दोन जिवंत टोकांना, हिरवी-पिवळी अर्थिंगला. बटण दाबलं मात्र, करवत अशी काही गरजली की अंगावर काटा आला! ओकची दीड इंची फळी लोण्यासारखी कापली गेली. ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात मुका.

दोन गोष्टी मात्र इलेक्ट्रिशियनने दमात घेऊन सांगितल्या. इथे दोन्ही तारा जिवंत, त्यामुळे यंत्राच्या बटणाने एकच तार तुटत असेल तर बंद यंत्रातही दुसरी जागी राहते. पातं बदलायचं तर आधी पिन उपसायची. दुसरी गोष्ट फ्रिक्वेन्सीची. युरोपात ५० हर्ट्झ, इथे ६०. करवत, राउटर यांच्यात कार्बन ब्रशची मोटर असते, तिला काही फरक पडत नाही. ग्राइंडरची इंडक्शन मोटर मात्र फ्रिक्वेन्सीच्या तालावरच फिरते : तिथे मिनिटाला सुमारे ३०००, इथे सुमारे ३६००. दगडाला वेग झेपला नाही तर तो फुटू शकतो! धावत जाऊन माझ्या दगडावरचा छाप वाचला. कमाल ४४५६. हुश्श!

संध्याकाळी हे सगळं मी बायकोला हातवारे करून समजावलं, ताकाच्या दोरीसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "मिक्सरमध्ये कुठली मोटर असते?"

"कार्बन ब्रशची," मी म्हणालो, आणि जीभ चावली. पुण्याहून आणलेला तिचा मिक्सर सहा वर्षं ओट्यावरच्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर रडतखडत चालला होता.

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये, ओकच्या भुशाच्या वासात, आमच्या घरची पहिली खरीखुरी बारीक ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली गेली.